मेजर पुरींची बाजू

झाडीपट्टींत धान घरांत येऊन दिवाळी झाली कीं नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि होळीपर्यंत वडशाच्या मंडळ्या गांवोगांव रात्री जागवितात. कुरखेडा तालुक्यांतीलच गुरनोलीचे परशुराम खुणे यांस 2023 सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां या रंगभूमीचें नांव दूरवर ऐकूं गेलें. येथील लोकांस त्या नांवाची ओळख करून देण्याची गरज कधींच नव्हती. अशा मुलुखांत चार मंडळींनीं एकत्र बसून एखादें नाटक मोठ्यानें वाचावें यांत नवल नाहीं. गेल्या हिवाळ्यांत कुरखेड्यास आम्हीं स्वदेश दीपक यांचें ‘कोर्ट मार्शल’ हें 1991 सालचें हिंदी नाटक असें वाचलें. बचावाचे कॅप्टन बिकाश राय यांची भूमिका तिघांनीं मागितली. आरोपी रामचंदरसाठींहि उमेदवार होता. सरकारी बाजू मांडणारे मेजर अजय पुरी मात्र कोणासच नको होते. ते माझ्या वांट्यास आले, आणि त्यामुळेंच हा लेख लिहिण्याचें सुचलें.

नाटकाचें कथानक थोडक्यांत असें: एका जवानानें आपल्या दोन अधिकाऱ्यांवर गोळी झाडली आहे, एक मरण पावला, दुसरा वांचला. रामचंदर आपलें कृत्य नाकारीत नाहीं. तेव्हां ‘कोणीं केलें’ हा प्रश्न पहिल्या कांहीं पानांतच निकालांत निघतो व ‘कां केलें’ हा उरतो. त्याचें उत्तर जातीवरून झालेल्या छळांत व अपमानांत आहे, आणि तें एकेका साक्षीदाराच्या तोंडून काढून घेण्याचें काम राय करतात. हें काम लेखकानें इतक्या कौशल्यानें बांधिलें आहे कीं ऐकणारा श्वास रोखून बसतो. या यशाबद्दल मला कांहींहि उणें बोलावयाचें नाहीं. माझी तक्रार दुसऱ्या मेजाविषयीं आहे. पुरींचीं वाक्यें मोठ्यानें वाचतांना मला वारंवार वाटलें कीं हा मनुष्य केवळ रायला अडविण्यासाठीं तेथें उभा केला आहे. त्याला पेच नाहीं, रात्रीची झोंप उडविणारी शंका नाहीं. कुस्तींत हरण्यासाठींच आणलेल्या मल्लासारखी त्याची गत आहे.

सैनिकी न्यायाची घडण ज्यानें थोडी पाहिली आहे, त्याला हें विशेष खटकेल. आपल्या 1950 च्या सेना अधिनियमाप्रमाणें मोठ्या कोर्ट मार्शलमध्यें निदान पांच अधिकारी बसतात. मत देण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून होते, कारण वरिष्ठाचें मत आधीं ऐकल्यावर कनिष्ठाची जीभ अडखळते हें कायदा करणारांनीं ओळखलें होतें. फांशीच्या शिक्षेस दोन-तृतीयांश सभासदांची संमति लागते. आणि ज्या आरोपांत फांशी होऊं शकते त्यांत आरोपीनें गुन्हा कबूल केला तरी ती कबुली स्वीकारीत नाहींत, सारा पुरावा पुढें आणावा लागतो. अभियोक्त्यावर तर नियमांनीं एक विलक्षण ओझें ठेविलें आहे. त्यानें निःपक्षपाती राहावें, घडलेला सगळा प्रकार न्यायालयापुढें मांडावा, आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवूं नये. म्हणजे रामचंदरचा छळ न्यायालयापुढें आणण्याची जबाबदारी प्रथम पुरींची होती! जें सत्य राय झगडून बाहेर काढतात, तें पुरींनीं आपल्या कागदांतून स्वतः काढून ठेवावयास हवें होतें. त्यांना तें दिसलें नाहीं, कीं दिसूनहि त्यांनीं मान फिरविली? या प्रश्नांत दुसरें एक नाटक दडलें आहे, व लेखक त्याच्या दारावरून निघून गेला आहे.

हा पेच पुस्तकी नाहीं. एकाच वास्तूंत, सत्याऐशीं वर्षांच्या अंतरानें, तो दोनदां उभा राहिला. 27 जानेवारी 1858 पासून दिल्लीच्या लाल किल्ल्यांत वृद्ध बहादुरशहावर लष्करी आयोगापुढें खटला चालला. अभियोक्ते होते मेजर हॅरियट, हुद्द्यानें उप-जज ॲडव्होकेट जनरल. ज्या खात्यानें सैन्याला कायदा सांगावयाचा, त्याच खात्याचा अधिकारी आरोप करणारा. त्यांचें समारोपाचें भाषण आज वाचलें तर वकिलापेक्षां कादंबरीकाराची लेखणीच अधिक दिसते: मक्का, इराण आणि लाल किल्ला यांना जोडणारा एक अवाढव्य कट त्यांनीं रचून दाखविला. काडतुसांवरून बिथरलेले असंख्य हिंदु शिपाई त्या चित्रांत कोठें बसवावयाचे, ही अडचण त्यांना फारशी जाणवलेली दिसत नाहीं. जो राजा कंपनीचा नोकर नव्हता त्याच्यावर फितुरीचा आरोप कसा बसतो, हें विचारणाराहि तेथें कोणी नव्हता. 9 मार्चला निकाल लागला. बादशहा रंगूनास गेला व 1862 सालीं तेथेंच वारला. पुढच्याच वर्षीं, एप्रिल 1859 मध्यें, शिप्री येथें तात्या टोपे यांना लष्करी न्यायालयापुढें उभें केलें. आपण धन्याच्या आज्ञेनें लढलों, हें त्यांचें म्हणणें. खटला 15 तारखेस उभा राहिला आणि 18 तारखेस फांशी झाली. इतक्या घाईंत अभियोक्त्याला सगळा प्रकार न्यायालयापुढें मांडण्यास वेळ मिळाला असेल असें म्हणवत नाहीं.

त्याच लाल किल्ल्यांत 5 नोव्हेंबर 1945 रोजीं आझाद हिंद फौजेचे शहानवाझ खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर कोर्ट मार्शल बसलें. भुलाभाई देसाईंचें बचावाचें भाषण इतिहासांत गेलें. परतंत्र लोकांना युद्ध करण्याचा हक्क आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं कायद्याच्या भाषेंत उभा केला. पण समोर सर नौशिरवान इंजिनिअर होते, हिंदुस्थानचे ॲडव्होकेट जनरल. सरकार परकें, आरोपी देशांत देवासारखे पूजले जात असलेले, आणि आरोप सिद्ध करण्याचें काम एका हिंदी माणसाकडे. त्यांच्याविषयीं चार बऱ्या ओळी लिहिलेल्या माझ्या पाहण्यांत नाहींत. तरी निकाल पाहावा: राजाविरुद्ध युद्ध केल्याबद्दल तिघेहि दोषी ठरले, पण खुनाच्या आरोपांतून धिल्लन व खुनास साहाय्य केल्याच्या आरोपांतून सहगल सुटले. जन्मठेपेची शिक्षा सरसेनापति ऑकिनलेक यांनीं जानेवारी 1946 च्या आरंभींच माफ केली. या खटल्यावर नाटक लिहिणारानें देसाईंचें भाषण अवश्य घ्यावें. मला मात्र संध्याकाळीं कागद आवरून एकटे निघालेले इंजिनिअर पाहावयाचे आहेत.

आपल्या मराठी रंगभूमीला ही जागा अनोळखी नाहीं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मध्यें सुखात्मे हा एकच इसम फिर्यादीचा व बचावाचा असे दोन्ही वकील होतो. प्रेक्षक आधीं हंसतात, आणि बेणारे बाईंच्या गळ्याभोंवतीं फांस आवळूं लागतो तेव्हां त्यांचें हंसू थिजतें. दोन खुर्च्या एकाच्या ताब्यांत गेल्या म्हणजे काय होतें, हें त्या खेळांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें कायद्याच्या ग्रंथांतहि दिसत नाहीं.

इंग्लंडला हें समजावयास बराच काळ लागला. फॉकलंडच्या युद्धांतून आलेल्या फिंडले नांवाच्या एका सैनिकाच्या खटल्यांत न्यायालय भरविणारा, त्याचे सभासद नेमणारा आणि अभियोक्ता नेमणारा वरिष्ठ अधिकारी एकच होता. 1997 सालीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें तो खटला निःपक्षपाती नव्हता असा निर्णय दिला. खटला भरवावा कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार तेथें हुकूम देणारांच्या सांखळीबाहेर नेण्यांत आला, आणि पुढें तिन्ही दलांसाठीं अभियोगांचा एक स्वतंत्र संचालक नेमला गेला. पहिला संचालक तर गणवेषांतला नव्हताच. आपल्याकडे 2007 च्या कायद्यानें सशस्त्र दल न्यायाधिकरण आलें, त्यामुळें निकालानंतर दाद मागण्यास जागा झाली. पण अभियोक्ता अद्याप न्यायालय भरविणाऱ्या अधिकाऱ्याच्याच नेमणुकीनें उभा राहतो. ज्या पलटणीची अब्रू पणास लागलेली, तिच्याच वरिष्ठांनीं त्याला धाडलेला असतो.

येथें कोणी म्हणेल कीं नाटककाराला कायद्याची इतकी कसोटी कशाला? खरें आहे, स्वदेश दीपक यांना अधिनियमाचें भाष्य लिहावयाचें नव्हतें, आणि जातीचा जो घाव त्यांनीं उघडा केला तो झांकून ठेवणारांची संख्या मोठी होती. पण पुरींना दुबळें केल्यानें तो घाव लहान होतो. अन्याय एका दुष्ट कप्तानापुरता उरतो. खरा अन्याय असा कीं त्याच भोजनगृहांत रोज जेवणारा, चांगला, नियम जाणणारा मेजर पुरी ती शिवी कित्येकदां ऐकत असला पाहिजे, आणि ती पुराव्यांत नोंदण्याजोगी आहे असें त्याच्या मनांत आलेंच नाहीं.

महिन्याभरानें आम्हीं नाटक पुन्हां वाचलें. या खेपेस पुरींची भूमिका एका निवृत्त पोलिस शिपायानें आपण होऊन मागितली. पहिल्या अंकांत त्याचा आवाज खणखणीत होता. साक्षीदार एकेक करून फुटूं लागले तसा तो खालीं येत गेला, आणि शेवटच्या प्रश्नांपाशीं तर त्यानें पुस्तकावरून मान वर केलीच नाहीं. लेखकानें तसें कोठें लिहिलेलें नाहीं.