'आर' प्रणालीतील आलेखांचा अक्षर-आकार आणि समासलेखन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

संख्याशास्त्रापासून भूगोलापर्यंत आणि जीवशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत कोणत्याही विद्याशाखेच्या शोधनिबंधात आज आलेख असतोच. मात्र छापून आलेल्या अंकात पुष्कळदा वक्ररेषा स्पष्ट दिसते, पण ती कशाची आहे हे सांगणारी अक्षावरील अक्षरे वाचता येत नाहीत. काही वेळा अक्षावरील नावांपैकी निम्मी नावे गायब असतात आणि ती गायब आहेत हे लेखक, परीक्षक व संपादक यांपैकी कोणाच्याही लक्षात आलेले नसते. याचा दोष सहसा मुद्रकाला दिला जातो. मुद्रक बहुतांशी निर्दोष असतो. दोषाचे मूळ आलेख काढणाऱ्या आज्ञावलीच्या रचनेत आणि ती रचना समजून न घेता वापरण्याच्या सवयीत असते. 'आर' या मुक्तस्रोत प्रणालीच्या मूळ आलेखव्यवस्थेतील अक्षर-आकार आणि समासातील मजकूर यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'आर' प्रणाली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडविली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसृत झाली. तिची आलेखव्यवस्था मात्र त्याहून जुन्या वंशातील आहे. बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'एस' या भाषेकडून ती वारसाहक्काने आली. या वारशाची जाण ठेवली नाही तर पुढील विसंगतींचा उलगडा होत नाही.

ओळ हे माप

या व्यवस्थेत आलेखाभोवतीचा समास इंचात नव्हे, तर मजकुराच्या ओळींत मोजला जातो. 'एमएआर' हे प्राचल खालच्या, डाव्या, वरच्या आणि उजव्या बाजूस अनुक्रमे ५.१, ४.१, ४.१ आणि २.१ ओळी राखून ठेवते. अक्षरे १२ पॉइंटांची असता एक ओळ १४.४ पॉइंट, म्हणजे ०.२ इंच उंचीची असते. त्यामुळे खालचा समास १.०२ इंच आणि वरचा ०.८२ इंच होतो. 'एमजीपी' हे दुसरे प्राचल अक्षाचे शीर्षक तिसऱ्या ओळीवर, खुणांचे आकडे पहिल्या ओळीवर आणि अक्षरेषा शून्याव्या ओळीवर ठेवते. समासात स्वतंत्र मजकूर लिहावयाचा झाल्यास 'एमटेक्स्ट' या फंक्शनला बाजूचा क्रमांक व ओळीचा क्रमांक द्यावा लागतो. एकाच पानावर अनेक आलेख असतील तर त्या सर्वांबाहेरचा सामाईक समास 'ओएमए' या प्राचलाने मिळतो. तो आरंभी शून्य असतो.

ही कल्पना मुळात सुंदर आहे, हे मान्य केले पाहिजे. वहीच्या समासात लिहिणाऱ्या माणसाला इंचापेक्षा ओळ अधिक कळते. अक्षरे मोठी झाली की ओळ मोठी होईल, ओळ मोठी झाली की समास वाढेल, असा नैसर्गिक संबंध यात अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात हा संबंध अर्धाच पाळला जातो आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

एकच नाव, अनेक अर्थ

अक्षरांचा आकार ठरविणाऱ्या मुख्य प्राचलाचे नाव 'सीईएक्स' आहे. ते एक गुणक आहे; १ म्हणजे मूळ आकार, १.५ म्हणजे दीडपट. याच्या हाताखाली खुणांच्या आकड्यांसाठी, अक्षशीर्षकांसाठी, मुख्य मथळ्यासाठी आणि उपमथळ्यासाठी वेगवेगळे उपगुणक आहेत. मथळ्याचा उपगुणक १.२ असतो, बाकीचे १ असतात आणि हे सर्व मुख्य गुणकाने गुणले जातात. येथवर रचना निर्दोष आहे.

परंतु हेच 'सीईएक्स' 'पार' या फंक्शनमधून दिले तर अक्षरे व बिंदुचिन्हे दोन्ही मोठी होतात. 'प्लॉट' या फंक्शनमध्ये थेट दिले तर फक्त बिंदू फुगतात, अक्षरे होती तशीच राहतात. आलेखाच्या आत मजकूर लिहिणारे 'टेक्स्ट' हे फंक्शन आपला गुणक पानाच्या मुख्य गुणकाने गुणून घेते. समासात मजकूर लिहिणारे 'एमटेक्स्ट' मात्र तसे करीत नाही. त्याचा गुणक निरपेक्ष असून मुख्य गुणकाचा त्यावर परिणाम होत नाही, असे निर्देशपुस्तिकेतच नमूद आहे. दोन सख्ख्या भावंडांसारखी ही फंक्शने. एकाच नावाचे प्राचल दोघांत दोन अर्थांनी चालते. निर्देशपुस्तिकेत लिहून ठेवले म्हणून विसंगती ही सोय ठरत नाही.

याचे परिणाम एका पानावर अनेक आलेख मांडताना दिसतात. दोन ओळी व दोन स्तंभ अशी चार आलेखांची मांडणी केली की प्रणाली मुख्य गुणक आपणहून ०.८३ करते, ओळी किंवा स्तंभ तीन वा अधिक झाले की ०.६६ करते. म्हणजे चार आलेखांच्या पानावर अक्षावरील १२ पॉइंटांची अक्षरे सुमारे १० पॉइंटांची, तर तीन आलेख एकाखाली एक मांडले असता सुमारे ८ पॉइंटांची होतात. दोन आलेख शेजारी-शेजारी ठेवले तर मात्र काहीच घट होत नाही. ०.८३ आणि ०.६६ या पायऱ्यांचा आलेखाच्या प्रत्यक्ष रुंदीशी संबंध नाही. केवळ मांडणीतील घरांची मोजणी केलेली असते. पान दोन फूट रुंद असले तरीही घट तेवढीच.

या घटीबरोबर समासातील ओळही आखूड होते. गुणक ०.६६ झाल्यावर १४.४ पॉइंटांची ओळ ९.५ पॉइंटांवर येते. 'एमटेक्स्ट'ने गुणक १ धरून लिहिलेली अक्षरे मात्र १२ पॉइंटांचीच राहतात. साडेनऊ पॉइंटांच्या ओळीवर बारा पॉइंटांची अक्षरे बसविली तर लागोपाठच्या दोन ओळी एकमेकींवर चढणारच. वापरकर्त्याला वाटते, ओळीचा क्रमांक चुकला. तो क्रमांक बदलत राहतो आणि आलेख बिघडत राहतो. प्रत्येक वेळी 'एमटेक्स्ट'ला पानाचा चालू गुणक स्वतः वाचून देणे, हाच यावरील उपाय आहे. उपाय सोपा आहे, पण तो वापरकर्त्याला सुचावा अशी अपेक्षा ठेवणे रास्त नाही.

नावे गळतात, कापली जातात

अक्षर-आकाराचा प्रश्न केवळ सौंदर्याचा आहे असे मानणाऱ्यांनी 'आर'मध्येच समाविष्ट असलेला 'एमटीकार्स' हा माहितीसंच पाहावा. 'मोटर ट्रेंड' या अमेरिकी नियतकालिकाच्या १९७४ मधील अंकातून घेतलेल्या या संचात ३२ मोटारगाड्या आहेत. इंधनाच्या एका गॅलनमागे त्या किती मैल धावतात याचा स्तंभालेख काढला, तर आडव्या अक्षावर ३२ नावे यावयास हवीत. ती येत नाहीत. अक्षफंक्शन एकमेकांवर चढणारी नावे न लिहिण्याची दक्षता घेते, त्यामुळे बरीच नावे निमूटपणे वगळली जातात. कोणतीही सूचना मिळत नाही. ज्या आलेखाचा हेतूच कोणती गाडी किती धावते हे सांगण्याचा आहे, त्यात स्तंभ आहेत आणि नावे नाहीत. हा शिष्टाचाराचा नव्हे, आशयाचा दोष आहे.

यावर 'एलएएस' या प्राचलाला २ ही किंमत देऊन नावे उभी करावीत, असा उपाय सर्रास सांगितला जातो. नावे उभी होतात आणि खालच्या समासात मावत नाहीत. 'कॅडिलॅक फ्लीटवुड' हे नाव रोमन लिपीत १२ पॉइंट हेल्व्हेटिका टंकात सुमारे १.४ इंच लांब होते. अक्षापासून एक ओळ सोडल्यावर समासात ०.८२ इंच उरतात. नावाचा शेवट अक्षाकडे असल्याने आरंभ कापला जातो. 'कॅडिलॅक' जवळजवळ नाहीसे होते आणि 'फ्लीटवुड' उरते. आडनाव राहून नाव गेले, असा हा प्रकार. समास नऊ-दहा ओळींपर्यंत वाढविला तर नाव पूर्ण दिसते, पण अक्षाचे शीर्षक अद्याप तिसऱ्या ओळीवरच असते व ते नावांच्या मधोमध छापले जाते. मग शीर्षक रिकामे ठेवून ते 'एमटेक्स्ट'ने आठव्या-नवव्या ओळीवर स्वतंत्रपणे लिहावे लागते. नावे पंचेचाळीस अंशांत तिरपी करावयाची असतील तर 'एमटेक्स्ट' व अक्षफंक्शन दोन्ही असमर्थ ठरतात. तिरपा कोन केवळ 'टेक्स्ट'ला मान्य आहे. त्यासाठी समासात लिहिण्याची परवानगी देणारे 'एक्सपीडी' हे प्राचल बदलून प्रत्येक नावाचा बिंदू स्वतः मोजून द्यावा लागतो.

येथे प्रणालीवर घेता येणारा सर्वांत गंभीर आक्षेप पुढे येतो. समासाने मजकुराच्या लांबीची दखल घेणे या व्यवस्थेला अशक्य होते असे नाही. 'डॉटचार्ट' हे फंक्शन सर्वांत लांब नावाची रुंदी मोजून डावा समास आपणहून वाढवते. 'पेअर्स' हे फंक्शन कर्णातील चौकटींत चलांची नावे मावतील असा गुणक स्वतः शोधते. मजकुराची रुंदी सांगणारे 'स्ट्रविड्थ' हे साधन सर्वांनाच उपलब्ध आहे. तरीही 'प्लॉट' आणि 'बारप्लॉट' ही सर्वाधिक वापरली जाणारी फंक्शने समासाकडे पाहतसुद्धा नाहीत. ज्ञान घरात होते, पण ते सर्व खोल्यांत पोहोचले नाही. 'एमटीकार्स'सारख्या माहितीसाठी ठिपक्यांचा आलेखच योग्य, हे विल्यम क्लीव्हलँड यांच्या १९८५ मधील आलेखविषयक ग्रंथाच्या वाचकांना सांगावयास नको. नावे आडवी, वाचावयास सुलभ आणि समास आपोआप.

पडदा, कागद आणि कोपरा ओढण्याची सवय

आलेख पडद्यावर चांगला दिसतो म्हणून कागदावरही तसाच दिसेल, हा समज घातक आहे. अक्षरांचा आकार चित्राच्या प्रमाणात नव्हे, तर निरपेक्ष पॉइंटांत ठरतो. 'पीडीएफ' फाइल न सांगता ७ इंच रुंद व ७ इंच उंच तयार होते. ती लेखात घालताना कोपरा ओढून साडेतीन इंचांवर आणली की १२ पॉइंटांची अक्षरे ६ पॉइंटांची होतात आणि चार आलेखांच्या पानावरील अक्षरे ५ पॉइंटांची. भिंगाशिवाय ती वाचणे कठीण. अंतिम रुंदी आरंभीच साडेतीन इंच द्यावी, मूळ टंक ९ पॉइंट ठेवावा. मग ओळ ०.१५ इंचाची होते, खालचा समास पाऊण इंचाच्या आसपास येतो आणि छापील पानावरही अक्षरे ९ पॉइंटांचीच राहतात. हा टंक फाइल उघडतानाच द्यावा हे बरे. नंतर 'पार'मधील 'पीएस' बदलल्यास मजकूर बदलतो, पण बिंदुचिन्हे बदलत नाहीत.

नियतकालिके मागतात ती इंचाला ३०० ठिपक्यांची प्रतिमा, हा दुसरा सापळा. 'पीएनजी' फाइल न सांगता ४८० ठिपके रुंद व तितकीच उंच असते. केवळ घनता ३०० केली तर चित्र १.६ इंचाचे होते. वरचा व खालचा समास मिळून १.८४ इंच होतात. आलेखाला जागाच उरत नाही आणि समास फार मोठे असल्याचा त्रुटिसंदेश येतो. संदेश वाचून वापरकर्ता समास कापू लागतो, तेथे अक्षशीर्षके बळी पडतात. दोष समासाचा नसून रुंदी-उंची न वाढवल्याचा आहे. साडेतीन इंचांसाठी १०५० ठिपके हवेत, एवढा साधा गुणाकार केला तर समास कापण्याची वेळच येत नाही.

पर्यायी व्यवस्था

पॉल मरेल यांनी रचलेल्या 'ग्रिड'ने मजकूर मोजून जागा देण्याची सोय पायाभूत केली. तिच्यावर उभे असलेले हॅडली विकहम यांचे 'जीजीप्लॉट२' अक्षरांच्या लांबीनुसार समास आपणहून आखते. त्यामुळे कापलेल्या नावांची तक्रार तेथे बरीच कमी आहे. मात्र तेथेही मूळ टंक ११ पॉइंट आणि अक्षावरील आकडे त्याच्या ०.८ पट, अशी मापे पॉइंटांत असताना आलेखातील मजकूर मिलिमीटरांत मोजला जातो. २०२४ मधील ३.५.० आवृत्तीत एकक निवडण्याची मुभा आली, पण आरंभीचे एकक मिलिमीटरच आहे. 'एमटेक्स्ट'ची विसंगती गेली, तिच्या जागी दुसरी आली.

देवनागरी लेबले

मराठीतून लिहिणाऱ्या अध्यापकांस आणखी एक अडचण येते. नेहमीची 'पीडीएफ' आज्ञा एका वेळी मर्यादित वर्णांचीच संकेतावली वापरते, त्यामुळे देवनागरी जिल्हानावांच्या जागी ठिपके छापले जातात. 'कैरो-पीडीएफ' हे पर्यायी साधन वापरले तर, 'पँगो' ही अक्षरजुळणी व्यवस्था जोडलेली असेल तेथे, जोडाक्षरे व रफार नीट उमटतात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने समासातील ओळी रोमनपेक्षा दाटतात. 'एमटेक्स्ट'च्या दोन ओळींत अर्धी ओळ अधिक सोडणे हिताचे. स्तंभालेखाचा समास 'स्ट्रविड्थ'ने मोजून ठरवावयाचा असल्यास मोजणीही त्याच 'कैरो-पीडीएफ' फाइलवर करावी. पडद्यावरील खिडकीत दुसरा टंक असू शकतो आणि तेथे बरोबर बसलेले 'सिंधुदुर्ग' छापताना बाहेर जाऊ शकते.