लीच पॉटरीची 'स्टँडर्ड वेअर' भांडी आणि अनामिक कारागिराचा प्रश्न

मराठी वाङ्मयात मडके पुष्कळ आहे. पण ते बहुधा रूपक म्हणून आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. देह म्हणजे घट, गुरू म्हणजे कुंभार, संसार म्हणजे फिरते चाक, या प्रतिमा कीर्तनापासून पाठ्यपुस्तकांपर्यंत पसरलेल्या आहेत. मात्र खुद्द मडक्याचा काठ कसा होता, बूड किती जाड होते, पाणी ओतताना धार नीट पडत होती की ओघळत होती, याविषयी आपल्या समीक्षेने फारसे काही म्हटलेले नाही. उपयोजित कला हा आपला विषयच नव्हे, अशी एक अघोषित समजूत त्यामागे असावी. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील एका कुंभारकार्यशाळेने तयार केलेल्या जेवणाच्या भांड्यांचा विचार केला आहे. त्या भांड्यांच्या गुणवत्तेबरोबरच त्यांच्यामागे उभ्या केलेल्या तत्त्वज्ञानाची तपासणी करणे, आणि ती आपल्या बाजूने, म्हणजे बलुतेदारीचा अनुभव असलेल्या समाजाच्या बाजूने करणे, हा येथील हेतू आहे.

बर्नार्ड लीच (१८८७-१९७९) यांचा जन्म हाँगकाँगचा, शिक्षण लंडनमधील चित्रकलेचे. १९०९ साली ते एचिंग शिकविण्याच्या इराद्याने जपानला गेले आणि तेथे मातीकामाकडे वळले. १९२० मध्ये शोजी हामादा या तरुण जपानी कुंभारासह ते इंग्लंडला परतले आणि कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावी त्यांनी कार्यशाळा उभारली. चढावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली जपानी पद्धतीची भट्टी पाश्चात्त्य जगात प्रथम बांधली गेली ती येथे. जागेची निवड मात्र व्यवहाराच्या दृष्टीने बरीच अडचणीची होती. त्या भागात पुरेसे जळण नव्हते, उच्च तापमानाला टिकणारी चांगली माती हाताशी नव्हती आणि भट्टीत माल वाया जाण्याचे प्रमाण मोठे होते. १९२३ साली हामादा मायदेशी परतले. पुढील दशकभर कार्यशाळा सतत आर्थिक ओढगस्तीत होती. तिला आधार दिला तो डार्टिंग्टन हॉलच्या एल्महर्स्ट दांपत्याने. यांतील लेनर्ड एल्महर्स्ट म्हणजे रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनाची उभारणी करणारेच. ग्रामपुनर्रचनेची जी कल्पना सुरुल येथे आकाराला आली, तिचाच इंग्लंडमधील अवतार डार्टिंग्टन होय.

या कार्यशाळेचा इतिहास बहुधा बर्नार्ड लीच यांचे चरित्र म्हणूनच लिहिला जातो. त्यांची एकेकटी, स्वतंत्र पात्रे संग्रहालयांत आहेत. 'अ पॉटर्स बुक' (१९४०) हा त्यांचा ग्रंथ जगभरच्या स्टुडिओ-कुंभारांचा पाठ्यग्रंथ ठरला. पण कार्यशाळेचे दैनंदिन जीवन ज्यावर चालले ती वस्तू वेगळी होती. 'स्टँडर्ड वेअर' या नावाने ओळखली जाणारी वाडगे, मग, बशा, सुरया, झाकणाची सूपपात्रे, अंडे भाजण्याच्या छोट्या थाळ्या अशी ती साधी भांडी होती. ठरलेले आकार, ठरलेले वजन, छापील यादी आणि टपालाने मागणी, असा तो व्यवहार होता.

'स्टँडर्ड' हा शब्द येथे क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. लीच यांच्या ग्रंथातील पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकातही हाच शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ 'आदर्श मानदंड' असा आहे, आणि तो मानदंड म्हणजे चीनमधील सुंग काळातील भांडी. यादीतील भांड्यांच्या नावात मात्र त्याच शब्दाचा अर्थ 'नमुन्याबरहुकूम' असा होतो. मराठीत हे दोन अर्थ एका शब्दात मावत नाहीत. पहिल्यासाठी 'प्रतिमान' म्हणावे लागते, दुसऱ्यासाठी 'प्रमाणित'. इंग्रजीत जी फट शब्दाखाली झाकली गेली, ती मराठीत अनुवाद करू लागताच उघडी पडते. लीच पॉटरीचे सारे ताणतणाव याच फटीत आहेत असे मला वाटते.

प्रमाणित भांडी शक्य झाली ती प्रामुख्याने बर्नार्ड यांच्यामुळे नव्हे, तर त्यांचे पुत्र डेव्हिड यांच्यामुळे. डेव्हिड लीच (१९११-२००५) यांनी स्टोक-ऑन-ट्रेंट येथील तंत्रविद्यालयात प्रशिक्षण घेतले. स्टोक म्हणजे कारखानदारी कुंभारकामाची राजधानी. ज्या औद्योगिक संस्कृतीविरुद्ध बर्नार्ड यांनी आयुष्यभर लिहिले तिचेच हे केंद्र, त्यामुळे मुलाचा हा निर्णय त्यांना रुचला नव्हता. १९३७ च्या सुमारास डेव्हिड परतले आणि त्यांनी मातीचे मिश्रण बदलले, माती मळण्याचे यंत्र आणले, भट्टीला तेलाचे इंधन जोडले, कमी तापमानाची भांडी थांबवून स्टोनवेअर सुरू केले आणि गावातील मुलांना उमेदवार म्हणून घेतले. पूर्वेच्या सौंदर्यदृष्टीला स्टोकच्या रसायनशास्त्राचा हात लागला तेव्हा कुठे भांडी भट्टीतून धड बाहेर पडू लागली. हस्तकलेच्या चाहत्यांना हे वाक्य आवडणार नाही. पण घटनाक्रम तसाच आहे.

आता प्रत्यक्ष भांड्यांकडे वळू. या मालिकेतील एखादा मग घ्यावा. त्याचे अंग सरळ उभे, किंचित पोटाळलेले असते. कान चाकावरच्या भांड्याला नंतर जोडलेला असतो, पण तो साच्यातून काढलेला नसतो. ओल्या मातीची वळकटी पाण्याच्या हाताने ओढत ओढत बारीक केलेली असते. त्यामुळे वरच्या जोडाशी कान जाड आणि खाली उतरताना निमुळता होतो, झाडाच्या खोडातून फांदी फुटावी तसा. बोटे जेथे टेकतात तेथे त्याला किंचित खोलगटपणा असतो. आतून सेलेडॉनची राखाडी-हिरवी झिलई किंवा तेनमोकूचा काळा रंग असतो. तेनमोकू काठावर पातळ होते आणि तेथे लोहाचा तांबूस रंग उघडा पडतो. भांड्याचा ओठ जणू वेगळ्या रेषेने काढलेला दिसतो. ही नक्षी नव्हे. झिलई वितळताना खाली ओघळते आणि धारेवर विरळ राहते, या भौतिक नियमाचाच तो परिणाम आहे. कुंभाराचे कौशल्य एवढेच की त्याने काठाची जाडी त्या परिणामाला पोषक ठेवली. बुडाशी झिलई थांबते आणि भाजलेली माती उघडी राहते. हाताला एकाच वस्तूत गुळगुळीत आणि खरखरीत असे दोन स्पर्श होतात.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कला ही संकल्पना लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांमध्ये तोललेली असल्याचे दाखविले. साहित्याच्या बाबतीत या द्विध्रुवतेची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. चहाचा मग मात्र या चर्चेला अधिक अवघड प्रसंगात टाकतो, कारण त्याचा लौकिक हेतू बाजूला सारून त्याच्या रूपाचा विचारच करता येत नाही. कानाची वक्ररेषा सुंदर आहे असे म्हणताना चार बोटे त्यात सहज मावतात, हे विधान आपण आधीच केलेले असते. या निकषावर लीच यांची एकेकटी प्रदर्शनीय पात्रे आणि ही यादीतील भांडी शेजारी ठेवली, तर माझा कौल निःसंशय दुसऱ्यांकडे जातो. पहिल्यांत पुष्कळदा सुंग काळाची आठवण भांड्यापेक्षा मोठी झालेली दिसते. दुसऱ्यांत आठवण मुरलेली आहे. भांडे सुपासाठी आहे आणि सूप त्यात शोभते.

पण ही भांडी घडविली कोणी? येथे त्या तत्त्वज्ञानाकडे यावे लागते. लीच यांचे जपानी स्नेही सोएत्सू यानागी (१८८९-१९६१) यांनी 'मिंगेई' म्हणजे लोककलेचा सिद्धांत मांडला. खरे सौंदर्य नाव नसलेल्या कारागिराच्या, रोजच्या वापराच्या, स्वस्त आणि पुन्हापुन्हा घडविलेल्या वस्तूंत असते, असा त्याचा आशय. लीच यांनी या विचारांचे इंग्रजी रूपांतर 'द अननोन क्राफ्ट्समन' या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. हामादा यांनी जपानला परतल्यावर आपल्या भांड्यांवर शिक्का मारणे सोडले. मात्र भांडे ज्या लाकडी पेटीतून विकले जाई त्या पेटीवर त्यांची सही असे. अनामिकता भांड्यावर आणि नाव पेटीवर, हा तोडगा मोठा बोलका आहे.

सेंट आइव्ह्जला तोडगा वेगळा होता. यादीतील भांड्यांवर केवळ पॉटरीचा शिक्का असे. बर्नार्ड यांच्या स्वतंत्र पात्रांवर त्यांची आद्याक्षरेही असत. विल्यम मार्शल हे गावातलेच. १९३८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास ते उमेदवार म्हणून आले आणि पुढे कार्यशाळेचे प्रमुख कारागीर झाले. बर्नार्ड यांच्या उत्तरायुष्यातील अनेक मोठी पात्रे मार्शल यांनी चाकावर उभी केली. आराखडा आणि चित्रण बर्नार्ड यांचे, चाकावरचा हात मार्शल यांचा. ही गोष्ट कधी लपविलेली नव्हती आणि चित्रकारांच्या कार्यशाळांतून अशी विभागणी जुनीच आहे, हे मान्य. तथापि जो विचारवंत अनामिक कारागिराची थोरवी सांगतो त्याचेच नाव सर्वांना ठाऊक असावे आणि जो प्रत्यक्षात तो अनामिक कारागीर आहे त्याला शोधायला अभ्यासकाने खटपट करावी, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

ही विसंगती इंग्रजी समीक्षकांच्याही लक्षात आलेली आहे. आपल्याकडून तिच्यात भर घालण्यासारखे काही आहे ते असे. यानागी आणि लीच यांच्या दृष्टीने अनामिकता हा एक आध्यात्मिक सद्गुण होता, 'मी'पणाचा लोप होता. लीच हे आधुनिक व्यक्तिवादाला कंटाळलेले गृहस्थ. नाव आधी हाती होते, म्हणून ते सोडणे ही साधना ठरली. महाराष्ट्रातील गावगाड्यात कुंभार बलुतेदार होता. सुगीला धान्याचे बलुते घ्यायचे आणि वर्षभर घरोघर मडकी, रांजण, पणत्या, लग्नातले घट आणि अंत्यविधीचे मडके पुरवायचे, हा त्याचा धर्म मानला गेला. त्याच्याही भांड्यावर नाव नव्हते. पण ते त्याने सोडलेले नव्हते. ते असण्याची शक्यताच जातीने शिल्लक ठेवली नव्हती. त्याचे आडनावच कुंभार. आनंद कुमारस्वामींनी 'द इंडियन क्राफ्ट्समन' (१९०९) मध्ये या ग्रामव्यवस्थेतील कारागिराचे जे भारावलेले चित्र काढले, त्यातही जन्माने ठरलेला व्यवसाय हा प्रामुख्याने सुरक्षिततेचा भाग म्हणून येतो. आमच्या वर्गात ज्यांचे आजोबा चाकावर बसत असे विद्यार्थी असतात. 'अनामिक कारागिराचे सौंदर्य' हे प्रकरण त्यांच्यासमोर शिकविताना आवाज जरा खाली येतो, हे कबूल केले पाहिजे.

येथे सरदार गुरचरण सिंग यांचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. १९१९ ते १९२२ या काळात ते जपानमध्ये मातीकाम शिकत होते आणि यानागी, हामादा, लीच या वर्तुळाशी त्यांचा तेथेच परिचय झाला. पुढे दिल्ली ब्लू पॉटरी स्थापन करून त्यांनी भारतात स्टुडिओ-कुंभारकामाचा पाया घातला. शिक्षित माणसाने स्वेच्छेने मातीत हात घालणे ही आपल्याकडे तेव्हापासूनची गोष्ट. तिचा आणि गावच्या कुंभारवाड्याचा संबंध मात्र आजही जवळजवळ येत नाही. एक गॅलरीत असतो, दुसरा आठवडी बाजारात, आणि सही कोणाच्या भांड्यावर असते हे सांगायला नको.

याचा अर्थ लीच पॉटरीचा प्रयोग दांभिक होता असा नव्हे. तो प्रामाणिक असल्यामुळेच त्याचे पेच स्पष्ट दिसतात. १९४९ ते १९५२ या दरम्यान अमेरिकेहून आलेले वॉरन आणि ॲलिक्स मॅकेन्झी हे दांपत्य तेथे उमेदवारी करून गेले. दुसऱ्याने आखलेला आकार वजनाच्या गोळ्यांतून शेकड्यांनी काढण्याची शिस्त वॉरन यांनी आत्मसात केली, पण त्यातली मर्यादाही त्यांना जाणवली. मिनेसोटात परतल्यावर त्यांनी रोजच्या वापराची भांडी मुद्दाम कमी किमतीत विकली. विक्रीच्या खोलीत गिऱ्हाइकाने स्वतः पैसे ठेवून जावे अशी व्यवस्था केली. पुढे संग्राहक आणि पुनर्विक्रेते तीच भांडी उचलून चढ्या भावाने विकू लागले आणि ती खोली त्यांना बंद करावी लागली. वस्तू स्वस्त ठेवणे कुंभाराच्या हाती असते. तिचे नाव महाग होणे त्याच्या हाती नसते.

१९७९ साली बर्नार्ड यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी जॅनेट लीच यांनी 'स्टँडर्ड वेअर' थांबविले. त्या स्वतः समर्थ कुंभार होत्या आणि यादीबरहुकूम भांड्यांत त्यांना रस नव्हता. जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पॉटरी पुन्हा उघडली तेव्हा जेवणाच्या भांड्यांचे उत्पादनही नव्या आकारांसह परत सुरू झाले. विल्यम मार्शल यांनी जवळजवळ चार दशकांनंतर, १९७७ मध्येच, कार्यशाळा सोडली होती. जवळच्या लीलंट गावी त्यांनी स्वतःचे चाक आणि स्वतःची भट्टी मांडली. तेथे घडविलेल्या त्यांच्या भांड्यांवर त्यांच्याच आद्याक्षरांचा शिक्का आहे.