राजप्रणयाच्या नाटकांतील विनोद

संगीत नाटकांची पदे आपल्या घराघरांतून आजही म्हटली जातात. मैफलींत ‘सौभद्र’ रंगते, ‘मानापमान’ रंगते. त्या पदांच्या मधले विनोदी प्रवेश मात्र गळून पडले आहेत. ही काटछाट निरुपद्रवी आहे, असा समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. राजघराण्यांतील प्रणयाच्या नाटकांत विनोद हा कथानकाचा सांधा असतो. तो निखळला की उरते ती केवळ पदांची माळ.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली रंगभूमीवर आणलेले ‘शाकुंतल’ घ्यावे. कालिदासाचा विदूषक खादाड आहे, भित्रा आहे. प्रेक्षक त्याला हसतो आणि विसरतो. पण दुसऱ्या अंकात राजा त्याच्यापाशी मन मोकळे करतो आणि त्याला राजधानीस धाडताना, अंतःपुरात बोभाटा नको म्हणून, ती सारी थट्टा होती असे सांगून टाकतो. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येण्यापूर्वीच विदूषकाला दुसरीकडे पाठवलेले असते. सहाव्या अंकात पश्चात्तापदग्ध राजाने विचारल्यावर तो एवढेच म्हणतो, की आपण ती थट्टाच खरी मानली. दरबारातील एकमेव जाणता साक्षीदार असा एका विनोदाने मुका झाला. शकुंतलेच्या दुःखाला शाप जितका कारण, तितकीच ही थट्टाही.

‘सौभद्र’ 1882 साली आले. येथे हसू विदूषकाच्या वाट्याला न जाता थेट सत्ताधीशाकडे वळते. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यावयाची आहे. अर्जुनाला टाळू पाहणारा हाच बलराम यतिवेषातील अर्जुनाचे भक्तिभावाने स्वागत करतो आणि सुभद्रेलाच त्याच्या सेवेस ठेवतो. येथे बलरामाची अप्रतिष्ठा होत नाही. तो रागीट आहे तसाच भोळा आणि प्रेमळही आहे. वडीलधाऱ्याला हसावे आणि त्याचा मानही राहावा, हे अवघड काम किर्लोस्करांनी साधले आहे.

पुढे खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (1911) दरबाराची जागा श्रीमंतीने घेतली. रत्नांनी मढलेला, पण भेकड लक्ष्मीधर आणि निर्धन, पण शूर धैर्यधर यांच्यातील निवड भामिनीला करावयाची आहे. लक्ष्मीधराचा भित्रेपणा रंगला नाही, तर भामिनीच्या मनातील पालट आपल्याला पटणार कसा? तिचा अहंकार उतरवण्याचे निम्मे काम तोच करतो.

आपण दरबारी शहराची माणसे आहोत. पाचव्या निजामाच्या, अफजलउद्दौलांच्या नावाने वसलेल्या अफझलगंजात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये. सत्तेपुढे सरळ बोलणे जेथे कठीण, तेथे विनोद हाच अर्जदार होतो. म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी ‘सौभद्रा’ची पदे ठरवताना बलरामाचा यतिभेटीचा प्रवेशही संहितेत घ्यावा आणि तो म्हणण्यासाठी गायकापेक्षा चांगला वाचक शोधावा. सुभद्रेच्या पदांतील व्याकुळता त्यानंतर निराळी ऐकू येईल.