विद्यार्थ्यांचे लघुपट आणि मराठीचा कान

कवीच्या पहिल्या संग्रहाची दखल मराठी समीक्षेने नेहमीच आस्थेने घेतली आहे. महाविद्यालयात ध्वनिचित्रण, प्रसारण किंवा आंतरजालीय माध्यमे शिकणारा विद्यार्थी जो पहिला लघुपट करतो, त्याच्या वाट्याला मात्र ही आस्था क्वचितच येते. परीक्षकाने गुण दिले की त्या कृतीचे आयुष्य संपते. वास्तविक आज अनेक तरुणांचे पहिले लेखन कागदावर नव्हे, तर पडद्यावर घडते. तेव्हा ह्या अभ्यासक्रमांकडे साहित्यव्यवहाराचाच एक भाग म्हणून पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने विद्यार्थिदशेत केलेल्या दोन लघुपटांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला लघुपट उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’. प्रभात कंपनीच्या पुण्यातील स्टुडिओच्या जागेत १९६० साली स्थापन झालेल्या चित्रपट संस्थेत शिकत असताना त्यांनी तो केला आणि पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कथा एवढीच, की एका लहान मुलाच्या घरात पिठाची गिरणी येते. घराच्या दृष्टीने ती पोटाची सोय असते, मुलाच्या दृष्टीने मात्र ते आक्रमण ठरते. ह्या लघुपटातील खरे प्रमुख पात्र म्हणजे गिरणीचा आवाज. मराठी मनात दळणाशी जात्यावरची ओवी जोडलेली आहे. जात्याची घरघर बाईच्या गळ्याला साथ देत असे, गिरणीची घरघर मात्र मुलाला गप्प करते. हा फरक दिग्दर्शक संवादांतून सांगत बसत नाही, तो आपल्याला ऐकवतो. ध्वनी हा चित्राचा सेवक नव्हे, हे तंत्र शिकवता येते. कोणता ध्वनी ऐकावयाचा, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

दुसरा लघुपट नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ (२००९). त्याची पार्श्वभूमी अगदी वेगळी आहे. मराठी विषयात एम. ए. केलेला हा कवी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) एका महाविद्यालयात संज्ञापन शिकत होता. शाळेची ओढ असलेला आणि दारिद्र्यामुळे चोरीच्या वाटेला लावला जाणारा मुलगा हा त्या लघुपटाचा विषय. वाचकाला येथे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आठवल्यावाचून राहणार नाही. पण एक भेद महत्त्वाचा आहे. आत्मकथनातील निवेदक त्या जगण्यातून तरून आलेला असतो. तो लिहितो आहे, ह्यातच त्याच्या सुटकेची ग्वाही असते. पडद्यावरच्या मुलाला अशी ग्वाही नाही. त्याचे पुढे काय होणार, हे त्यालाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. आत्मकथनाच्या परंपरेत ह्या लघुपटाने घातलेली भर ती हीच.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. थोड्या अवकाशामुळे येथे शाळा ही जवळजवळ निर्दोष आशा म्हणून उभी राहते. ‘फँड्री’त (२०१३) हे चित्र गुंतागुंतीचे होते. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच डुक्कर पकडणारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, आणि तीच शाळकरी मुले पुढे त्यांची टिंगल करतात. पहिल्या कृतीतला प्रश्न लेखकाने पुढे अधिक निर्दयपणे स्वतःला विचारला. पहिला लघुपट का जपावा, ह्याचे उत्तर येथे सापडते.

दोन्ही उदाहरणांत संस्थेने दिले ते साधन, मुदत आणि चुकण्याची मोकळीक. ऐकण्याची सवय विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेतून आणली. नेमका हाच धागा आमच्याकडे तुटलेला दिसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरदर्शनवरील देशव्यापी वर्ग १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला. त्या उपक्रमासाठी कार्यक्रमनिर्मिती करणारे एक केंद्र इंदूरच्या विद्यापीठातही उभे राहिले. म्हणजे माळव्यातील उच्च शिक्षणाला कॅमेरा नवा नाही. नवखी राहिली ती घरातली मराठी. माझ्या भाच्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आपल्या आजीवर लघुपट केला. ‘मी तर तुझीच वाट पाहून राहिले होते’ अशी तिची खास इंदुरी मराठी. ही भाषा ‘अशुद्ध’ ठरली. त्याच्या मार्गदर्शकांच्या सूचनेवरून आजीचे शब्द काढून तेथे एका तरुण मुलीच्या आवाजातले प्रमाण मराठी निवेदन बसवले गेले. प्रकाशयोजना उत्तम होती, संकलन सफाईदार होते, गुणही भरपूर मिळाले. लघुपट पाहून आजी म्हणाली, ‘छान आहे रे, पण ह्यात बोलून कोण राहिलंय?’

ह्याहून नेमकी समीक्षा मला करता येणार नाही. दोष मुलाचा नाही. बोलीची लय ऐकावी कशी, मौन कोठे ठेवावे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मराठीचा वर्ग आणि माध्यमांचा वर्ग एकाच इमारतीत भरूनही एकमेकांना परके असतात. आंतरजालावरील ज्या रचनांत प्रेक्षक स्वतः वाट निवडतो, त्यांत तर एका कथेच्या अनेक शाखा लिहाव्या लागतात. तेथे लेखनाचे काम वाढते, कमी होत नाही.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या संस्थांना हे काम अवघड नाही. दरवर्षी एक संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या लघुपटांना द्यावी, आणि कवितासंग्रहावर होते तशी त्यांवर साधकबाधक चर्चा करावी. आमच्या आजीचे मूळ ध्वनिमुद्रण सुदैवाने भाच्याने पुसलेले नाही. पहिल्या बैठकीची सुरुवात त्यानेच करता येईल.