सरहद्दीची मोजणी आणि मोजणीची भाषा

वसाहतकालीन भूमापनाविषयी लिहिणाऱ्यास मॅथ्यू एडनी यांचा 'मॅपिंग अ‍ॅन एम्पायर' (१९९७) हा ग्रंथ टाळता येत नाही. लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे निव्वळ शास्त्र नव्हते. सारा देश एकाच चौकटीत बसविता येतो असा विश्वास ते राज्यकर्त्यांना देत होते. प्रत्यक्षात काम तडजोडींनीच झाले. एडनी यांचे हे प्रतिपादन पटते. मात्र त्यांचा विषय ब्रिटिश हिंदुस्थान आणि काळ १७६५ ते १८४३. डिचोली तालुक्यातील सर्वणसारख्या गावी बसून ग्रंथ वाचला की वेगळे प्रश्न पडतात.

येथील सरहद्दीचा जन्म दुर्बिणीतून झालेला नाही. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्धच्या मदतीच्या मोबदल्यात दिले. दिला गेला तो महाल, आणि महाल म्हणजे गावे. गावाची शीव कोठून जाते हे नव्या सत्तेच्या दप्तराआधी गावालाच ठाऊक होते. तेरेखोल नदी सोयीची सीमा ठरली असती. पण १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला किल्ला नदीच्या उत्तरेस असल्याने पेडणे तालुक्याचा एक तुकडा आजही पलीकडेच आहे.

मला अधिक खटकते ती भाषेची बाजू. सरहद्द, नकाशा, मौजे, जरीब, अमीन यांपैकी एकही शब्द इंग्रजांनी किंवा पोर्तुगीजांनी दिलेला नाही. अरबी-फारसीतून ते मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत रुळले. 'हद्द' या शब्दाचे अनेकवचन 'हुदूद' उर्दूत धर्मशास्त्राच्या मर्यादाही सांगते, म्हणजे जमिनीची रेघ आणि आचरणाची रेघ एकाच शब्दात. अकबराच्या काळी दोरीच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेली बांबूची जरीब आली. दोरी ओलाव्याने आखडे, तेच शेत मोठे भरे आणि रयतेवर सारा वाढे. मापाच्या अचूकतेची काळजी गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आली असे मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. शिवेचे तंटे महजरांनी मिटत, तेथे साक्षीदाराची जीभ हेच मोजणीचे साधन असे.

हे वाचायला मोडी हवी, फारसी शब्दांची जाण हवी. आपल्या महाविद्यालयांत उर्दूचा विद्यार्थी मोडीकडे वळत नाही, मराठीचा विद्यार्थी 'महजर' शब्दाशी अडखळतो, आणि मग दोघेही इंग्रजी ग्रंथातूनच आपल्या गावाची शीव शोधू लागतात.