वस्तू म्हणजे खुंटी नव्हे

तत्त्वज्ञानाने साध्यासुध्या किंवा अगदी विचित्र गोष्टींवर बोलावे, याला आता कोणी नाक मुरडत नाही. उलट इंग्रजीत या प्रकाराचा बाजारच भरला आहे. विल्यम अर्विन यांनी संपादित केलेले ‘साइनफेल्ड अँड फिलॉसॉफी’ २००० साली आले. पुढच्या वर्षी ‘सिम्प्सन्स’ आले, मग ‘मेट्रिक्स’; त्यानंतर टीव्ही मालिका, सुपरहीरो, काहीच सुटले नाही. या पुस्तकांनी तत्त्वज्ञानाला नवे वाचक दिले, हे कबूल. पण बहुतेक लेख एकाच साच्यातले. होमर सिम्प्सनला ॲरिस्टॉटलच्या सद्गुणांची फूटपट्टी लावायची आणि निकाल सांगून मोकळे व्हायचे. ॲरिस्टॉटल थोडासा समजतो, त्याच्या सिद्धांताला मात्र ओरखडाही उठत नाही. विषय नुसती खुंटी. तिच्यावर टांगलेला कोट जुनाच.

विषयाने विचाराची वाट अडवली तरच या लेखनाला अर्थ आहे. डेव्हिड लुईस आणि स्टेफनी लुईस यांचा भोकांवरचा १९७० सालचा संवाद घ्या. त्यातला आर्गल पक्का जडवादी: जे आहे ते सगळे पदार्थाचेच. बार्गल त्याला चीजमधली भोके दाखवतो. ती तर आहेत, पण कशाची? आर्गल आधी म्हणतो, ‘भोके आहेत’ म्हणजे चीज सच्छिद्र आहे, एवढेच. ठीक, पण मग भोके मोजायची कशी? अडचणीत आल्यावर तो पवित्रा बदलतो: भोकाभोवतीचे अस्तर हेच भोक. आता अस्तर पातळ धरा किंवा जाड, एकाच भोकाची अनेक अस्तरे निघतात, आणि आर्गलला ‘तेच’ या साध्या शब्दाशीही तडजोड करावी लागते. मेदूवडा संपल्यावर त्याचे भोक कुठे गेले, हा आपला बालिश वाटणारा प्रश्न याच जातीचा.

रोलाँ बार्त यांची ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) ही दुसऱ्या वळणाची. कुस्ती, स्टेक, प्लॅस्टिक, नवी सित्रोएन मोटार हे तिचे विषय. कपडे धुण्याच्या पावडरींवरचा लेख आजही ताजा आहे. फेस म्हणजे ऐश, मुबलकपणा. पावडर कपड्याला घासते हे त्या फेसाखाली झाकले जाते, असे दाखवत बार्त शेवटी सांगतात की पर्सिल आणि ओमो दोन्ही युनिलिव्हरचीच. हॅरी फ्रँकफर्ट यांनी फेकाफेकीवर लिहिलेला १९८६चा निबंध २००५मध्ये छोटेखानी पुस्तक होऊन तुफान खपला, कारण त्यात एक खरा भेद हाती लागतो: खोटारड्याला सत्याची फिकीर असते, फेकणाऱ्याला नसते.

मराठीत आपल्याकडे लघुनिबंध होता. फडके, खांडेकर, काणेकर यांनी क्षुल्लक विषयांना प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे मोठेच काम. पण पुष्कळ लघुनिबंधांत वस्तू निमित्ताला येते आणि शेवटच्या परिच्छेदात जीवनाविषयीचा सुविचार ठेवून निघून जाते. विंदा करंदीकरांनी हा प्रकार विचाराच्या अंगाने ताणला. इरावती कर्व्यांनी ‘परिपूर्ती’त आपली ओळख कोणाची सून, कोणाची पत्नी, कोणाची आई अशी करून दिली जाते, एवढ्यावरून माणूस नात्यांतून घडतो का, हा प्रश्न उभा केला. दुसरीकडे ‘परामर्श’ आणि दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून सुरू केलेला ‘आजचा सुधारक’ या नियतकालिकांत तत्त्वचर्चा गंभीरपणे चालली. पण तिचा ओढा ईश्वर, नीती, विवेक अशा भारदस्त विषयांकडे. हे दोन प्रवाह फारसे एकत्र आलेच नाहीत.

विषयांचा तुटवडा नाही. मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट पाहा. बाक तिघांचा, चौथा येऊन नुसते हाताने खुणावतो आणि तिघे सरकतात. न सरकणाऱ्याला सगळा डबा सुनावतो. रेल्वेने हा हक्क दिलेला नाही. मग तो आला कुठून? भोकांवर लिहिणाऱ्या याच लुईस यांनी १९६९ साली ‘कन्व्हेन्शन’ या पुस्तकात सांगितले की इतर जण पाळतात म्हणून प्रत्येकाला पाळणे सोयीचे वाटते, तो संकेत. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणे यात चपखल बसते. चौथी सीट बसत नाही: बाकीच्यांनी कितीही सरकून जागा दिली तरी अंग चोरून सरकणाऱ्याची त्यात सोय काहीच नाही. तो सरकतो ते उद्या आपण चौथे असू म्हणून, लाजेखातर, की दुसऱ्याचा हक्क खरोखर मानतो म्हणून? तिन्ही उत्तरांतून न्यायाची तीन वेगळी चित्रे निघतात, आणि लुईस यांची व्याख्या निदान इथे तरी अपुरी पडते.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांकडून यंदा ‘आजच्या काळात गीता’ मागवू नका. चौथ्या सीटवर लिहायला सांगा, आणि लेखात पहिल्या दोन पानांत एकाही तत्त्ववेत्त्याचे नाव येता कामा नये, अशी अट घाला.