न वाचलेले सहावे कलम

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच आठवड्यात आमच्या कळंबच्या अभ्यासवर्तुळाची बैठक होती. विषय ठरला होता काळ्या अमेरिकेचे साहित्य आणि दलित साहित्य यांच्या नात्याचा. साहित्य बाजूला राहिले आणि दोन तास अमेरिकेवरून भांडण झाले. एका प्राध्यापक मित्राने व्हिएतनामपासून इराकपर्यंतची यादी वाचून साम्राज्यवादाचा निषेध मांडला. एका तरुण कार्यकर्त्याने २००१ चे न्यूयॉर्क आणि २००८ ची मुंबई यांची आठवण देऊन, दहशतवादाशी लढणारा तो आपला, असे ठणकावले. तिसऱ्याने विचारले, ज्या देशाने बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकवले त्याला आपण कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? (त्या शिक्षणाचा खर्च बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीतून झाला होता, हे तो विसरला.) मी अध्यक्षस्थानी होतो. कोणते वाक्य कोणत्या पक्षाच्या कचेरीतून निघाले आहे, हे मला ऐकता ऐकता सांगता आले असते. यात मी स्वतःला वगळत नाही. २००३ साली इराकवर हल्ला झाला तेव्हा मीही मोर्चात घोषणा दिल्या होत्या, आणि त्या घोषणा मला छापील मिळाल्या होत्या.

प्रश्न असा की, या विषयावर आपल्याजवळ आपली अशी भूमिका का नाही? माझ्या मते याचा दोष आपल्या समीक्षेकडे जातो.

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली. नाव घेतले ते ऑकलंड शहरात १९६६ साली ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केलेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे. या नात्यावर आपण लेख लिहिले, चर्चासत्रे भरवली, प्रबंध सादर केले. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून मराठी वाचकाला हे दालन उघडून दिले, आमच्या पिढीवर त्यांचे ऋण आहे. परंतु ब्लॅक पँथरच्या दहाकलमी कार्यक्रमातले सहावे कलम आपल्या लेखनात मला क्वचितच भेटले. काळ्या पुरुषांना लष्करी सेवेतून मोकळे करा, अशी ती मागणी होती. जे सरकार आमचे रक्षण करीत नाही, त्याच्यासाठी आम्ही आमच्यासारख्याच पिचलेल्या दुसऱ्या लोकांवर बंदूक रोखणार नाही, असा तिचा आशय. आपण त्यांचे नाव घेतले, संतापाची भाषा घेतली. हे कलम मात्र तिकडेच राहिले. १९७३ च्या आपल्या पँथरच्या जाहीरनाम्यात अमेरिकन साम्राज्यवादाचा निषेध आहे. पण वर्षभरात तो जाहीरनामा मार्क्सवादी की आंबेडकरवादी यावर वाद पेटला, १९७४ मध्ये ढाले आणि ढसाळ वेगळे झाले, आणि अमेरिका हा विषय त्या वादाच्या तराजूत एक वजन म्हणून उरला.

सहावे कलम आपल्याला का पेलले नाही, याचे कारण उघड बोलले पाहिजे. आपल्या वस्तीत फौज म्हणजे भाकर आणि मान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, ती पुन्हा मिळावी म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी अर्ज केले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी बाबासाहेब मजूरमंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. ज्याला गावच्या चावडीची पायरी चढू दिली जात नव्हती त्याच्या अंगावर वर्दी आली. अशा समाजाला फौजेला नकार द्या असे सांगणे सोपे नाही. हा पेच खरा आहे. काळ्यांच्या चळवळीतही तो होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला, तेव्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सर्वांत जुन्या संघटनेच्या कार्यकारिणीनेच, युद्धविरोध आणि नागरी हक्क यांची सरमिसळ नको, असा ठराव केला. त्यांनी तो पेच चव्हाट्यावर आणून भांडून घेतला. आपण त्याला वळसा घातला.

शिवाय आपले वाचन १९७० च्या सुमाराला येऊन थांबले. त्यानंतर काळ्या अमेरिकेत काय झाले, हे आपण वर्तमानपत्रांवर सोपवले. म्हणून २००१ नंतरच्या दोन घटना आपल्या चर्चेत कधी एकत्र येत नाहीत. १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहात अध्यक्षांना युद्धाचा अधिकार देणारा ठराव आला. बाजूने ४२० मते पडली, विरोधात एक. ते एक मत बार्बरा ली या काळ्या स्त्रीचे. तिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले. ती ज्या मतदारसंघातून निवडून आली तो ऑकलंडचा, म्हणजे जिथे ब्लॅक पँथर जन्माला आली ते शहर. दुसरी घटना ५ फेब्रुवारी २००३ ची. इराककडे महासंहारक अस्त्रे आहेत असे सुरक्षा समितीपुढे जगाला सांगणारे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल हेही काळेच, हार्लेममध्ये जन्मलेले. अस्त्रे सापडली नाहीत. ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे, असे पुढे त्यांनीच कबूल केले.

आपला माणूस वर गेला पाहिजे, असे आपण पन्नास वर्षे म्हणत आलो, आणि ते बरोबरच आहे. पण वर गेलेल्या माणसाच्या तोंडी कोणाचा मजकूर आहे, हे विचारायला आपली समीक्षा कचरते. पक्षांच्या वादात तर हा प्रश्न येतच नाही. तिकडचा एक पक्ष युद्धखोर आणि दुसरा शांततावादी, असे आमच्या प्राध्यापक मित्राला वाटते. इराक युद्धाच्या ठरावावर २००२ च्या ऑक्टोबरमध्ये सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मते पडली आणि त्या ७७ मध्ये २९ डेमोक्रॅट होते.

या युद्धांचा कळंबशी काय संबंध, असे एकाने विचारलेच. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरी रेशनची लाल मिलो यायची. भाकरी थापताना तुटायची. आई म्हणायची, “अमेरिकेत ही ढोरं खातेत म्हणं.” त्याच्या काही वर्षे आधी, १९६६ साली बिहार होरपळत असताना, अध्यक्ष जॉन्सन यांनी पी.एल. ४८० चा गहू महिन्या-महिन्याच्या हप्त्याने सोडला होता. भारताने शेतीचे धोरण बदलावे हा त्यांचा एक हेतू होता. व्हिएतनामवरून अमेरिकेला बोल लावू नये हा दुसरा. युद्ध असे ताटात येते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. दहा हजारांच्या घरात गेलेला सोयाबीनचा भाव दिवाळीपर्यंत निम्म्याच्या आसपास आला. नव्या पिकाची आवक हेही त्याचे कारण होते. शेतकरी संघटना बोलल्या, पक्ष बोलले. उक्त्याने सोयाबीन काढणाऱ्या बायकांबद्दल कोणी बोलले नाही. भाव पडला की पिशवीमागच्या दराची घासाघीस पहिल्यांदा त्यांच्याशी होते. २०२५ मध्ये शुल्काच्या भांडणात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले गेले, तेव्हाही वेचणीची बाई कोणाच्या पत्रकात नव्हती.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात परराष्ट्र धोरणावर टीका केली, ती हिशेब मांडून. वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, आणि हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, असे त्यांनी दाखवले. त्यांनी रशियावर कठोर टीका केली म्हणून एक पक्ष त्यांना अमेरिकेकडे ओढतो, राज्य समाजवाद मांडला म्हणून दुसरा आपल्याकडे ओढतो. त्यांची हिशेब मागण्याची रीत दोघेही उचलत नाहीत.

तरुण कार्यकर्त्याला मी एवढेच म्हणालो की, दहशतवाद हा शब्द जपून वापर. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर अमेरिकेत ऑक्टोबर २००१ मध्ये कडक कायदा झाला, आपल्याकडे २००२ मध्ये पोटा आला. २००४ साली तो रद्द झाला आणि त्यातली कलमे यूएपीएमध्ये गेली. त्याच कायद्याखाली १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, आनंद तेलतुंबडे यांना अटक झाली. जामीन मिळायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. त्यांची पुस्तके आमच्या वर्तुळाच्या कपाटात आहेत. खटल्याचे काय ते न्यायालयात ठरेल. मुंबईवर झालेला हल्ला अमानुष होता हेही मी कमी करून सांगत नाही.

बैठक संपल्यावर तो मागे थांबला. त्या बाईचे पुढे काय झाले, असे त्याने विचारले. २०२५ च्या मे महिन्यात ती ऑकलंडची महापौर झाली, हे मी सांगितले. त्याने सहावे कलम वहीत उतरवून घेतले. मग म्हणाला, “सर, माझा धाकटा भाऊ अग्निवीरच्या भरतीसाठी रोज पहाटे पळतोय. चार वर्षांची तर नोकरी, त्यातले चारातला एकच पुढं ठेवणार. त्याला काय सांगू?” मी त्याला दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन घरी ये म्हणालो. दोघे आले. तासभर बसलो, पण भाऊ काही बोलला नाही. त्याची लेखी परीक्षेची तयारी कुठवर आली एवढेच मी विचारू शकलो.